आधी पान उलटून बघ

कारंज्याकडच्या एका गावातून एका मुलीने विचारलंय. घराची कौलं उतरवताना माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. आत जुनी मासिकं, दिवाळी अंक, शाळेची क्रमिक पुस्तकं, पंचांगं आणि कापडात गुंडाळलेल्या दोन पोथ्या. तिला यातून कोलाज करायचं आहे. दोन करून पाहिले, पण कागद फुगला, कडा सुटल्या, आणि झालेलं चित्र शाळेतल्या कात्रणवहीसारखं दिसतंय. शिवाय ही मासिकं कापावीत की नाही, आणि केलेलं विकता येईल का, हेही तिला हवंय.

पोरी, कात्री हातात घेण्याआधी विचारलंस हे फार बरं केलंस. मी आर्वीच्या एका बुकबाइंडरची मुलगी. शाळेत चित्रकला शिकवली आणि गेली तीसेक वर्षं जुन्या कागदांची चित्रं करते आहे. तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असली तरी सुरुवात एकाच ठिकाणी होते. पान आवडलं की आधी ते उलटून बघ. फुगणं, कडा सुटणं, छपाई झिरपून दिसणं, नको ते कापलं जाणं, हे सगळं पानाच्या मागच्या बाजूकडे लक्ष न दिल्यामुळे होतं.

मला हे कळायला एक पान गमवावं लागलं. लग्नानंतर सासरच्या घरात १९६६ सालचा 'स्त्री'चा एक अंक मिळाला. त्यातली एक जाहिरात मला फार आवडली. लांब केसांची बाई, मागे खिडकी, छपाईचा विटकरी रंग. मी ती कापली आणि फेव्हिकॉलने पुठ्ठ्यावर पक्की चिकटवली. चित्र चांगलं जमलं होतं. दोन दिवसांनी उरलेलं पान आवरताना मागे पेन्सिलचं बारीक अक्षर दिसलं. सासूबाईंचं. कापूस वेचणीचा हिशेब होता तो. एका बाजूला बायांची नावं, शेवंता, पार्बता, वच्छला, आणि पुढे किलो. मधला भाग मी कापून नेलेला, त्यामुळे नावं एका तुकड्यावर आणि आकडे पुठ्ठ्याला चिकटलेले. फेव्हिकॉल एकदा वाळला की परत सुटत नाही. ओलं फडकं ठेवलं, वाफ दिली, ब्लेडने खरवडलं. कागदाचा लगदा झाला. सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या. त्यांच्या हातचं दुसरं अक्षर घरात नाही. खळीने चिकटवलं असतं तर ते पान मी ओल्या फडक्याखाली ठेवून अलगद सोडवू शकले असते, कारण पेन्सिल पाण्याने जात नाही आणि खळ पाण्याने सुटते. त्या दिवसापासून जुन्या कागदावर मी फेव्हिकॉल वापरलेला नाही.

म्हणून पेटी उघडलीस की पहिला आठवडा फक्त बघण्यात घाल. एक वही घे आणि प्रत्येक अंकाचं नाव, महिना, वर्ष, पानं पूर्ण आहेत की नाहीत आणि मागेपुढे कोणी काही लिहिलंय का, हे टिपून ठेव.

पोथ्या पहिल्यांदा बाजूला काढ. त्या हाताने लिहिलेल्या असतील तर त्यांच्यापैकी एकही पान वापरायचं नाही. ७५ वर्षांहून जुनी, इतिहासाच्या किंवा साहित्याच्या दृष्टीने मोल असलेली हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आपल्या वऱ्हाडात महानुभावांच्या पोथ्या कितीतरी घरांत अशाच माळ्यावर पडून असतात. यवतमाळचं शारदाश्रम अशा हस्तलिखितांच्या जतनासाठी ओळखलं जातं. तिथल्या माणसांना दाखव. तोवर ज्या कापडात आहेत त्याच कापडात राहू दे, वर प्लास्टिक गुंडाळू नकोस.

मग मासिकं. 'मनोरंजन' १८९५ चं, 'किर्लोस्कर' १९२० चं, 'स्त्री' १९३० चं, 'मनोहर' १९३४ चं. यांचे सुरुवातीच्या दशकांतले पूर्ण अंक तुझ्या पेटीत असतील तर ते कापू नकोस. कापलेल्या अंकाचं मोल शून्य होतं आणि तसा दुसरा अंक तुझ्या तालुक्यात नसेल. विदर्भातल्या छोट्या प्रेसवर छापलेलं काहीही तर त्याहून जप. संस्थेची स्मरणिका, शाळेचं वार्षिक, गावच्या यात्रेचं पत्रक, नाटकाची जाहिरात. मोठ्या मासिकाचा अंक पुण्या-मुंबईच्या एखाद्या ग्रंथालयात तरी असतो. या पत्रकाची तुझ्याकडची प्रत शेवटची असू शकते. उरतात ते सुटे झालेले, अर्धे कसरीने खाल्लेले, मधली पानं गेलेले अंक, मुखपृष्ठ नसलेली पुस्तकं, जुनी गाइडं, एकाहून जास्त प्रती असलेली पाठ्यपुस्तकं. आपला खरा माल हाच. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर वाचायला ठेवले आहेत, त्यामुळे त्याचा फाटका अंक कापताना माझा हात फारसा अडत नाही.

ज्या अंकाला कात्री लावायची नाही पण चित्र हवंच आहे, त्याची प्रत काढ. उजेड सावलीतला, सारखा असावा. पान सपाट ठेवून मोबाईलवर फोटो घे, नाहीतर तालुक्याला स्कॅन करून घे. छापून घेताना लेझर प्रिंटवरच घे, साध्या इंकजेटवर नको. लेझरची शाई म्हणजे उष्णतेने कागदावर वितळून बसलेली भुकटी, तिला ओली खळ लागली तरी ती पसरत नाही. इंकजेटची पाण्यासारखी शाई ब्रश फिरला की वाहते. कागद नेहमीच्या झेरॉक्सहून थोडा जाड माग. प्रत कापायची, मूळ अंक पेटीत परत. दहा चित्रांपैकी सहा-सात मी आता अशीच करते.

साफसफाईबद्दल थोडक्यात. नाकातोंडाला फडकं बांध, मऊ कोरड्या ब्रशने पानं झटक, ओलं फडकं लावू नकोस. मासिकांच्या पाठीतल्या पिना गंजून कागदात रुतलेल्या असतात, त्या ओढू नकोस. मागच्या बाजूने टोकं सरळ कर, पातळ सुरी खाली सरकव आणि उचल. डांबराच्या गोळ्यांनी कागद सुधारत नाही. बुरशीचे ठिपके असलेले अंक वेगळे ठेव, वाऱ्यावर सावलीत सुकव, आणि मगच इतरांजवळ ने. भर उन्हात वाळवायचा मोह आवर, आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन जुन्या कागदाला पापडासारखं करतं.

आता कागद ओळखणं. माझ्या मते अर्धं कोलाज इथेच ठरतं. एक जुनं पान घे, डोळे मिटून त्याच्या मागून बोट फिरव. बारीक उठाव लागला तर ते शिशाच्या खिळ्यांवर छापलेलं आहे. खिळा कागदावर दाबला जायचा, त्याचा ठसा मागे उमटायचा. आता भिंग घेऊन एखाद्या अक्षराची कड बघ. शाई कडेला दाबून किंचित गडद झालेली दिसेल. ऑफसेटच्या छपाईत मागे काही लागत नाही, आणि रंगीत चित्र भिंगाखाली निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांच्या छोट्या फुलांसारखं फुटतं. हे कळणं कशाला हवं? कारण एका चित्रात दोन्ही शेजारी आले की ते एकमेकांचे वाटत नाहीत आणि बघणाऱ्याला का ते कळतही नाही. शिवाय खिळ्यांवर छापलेलं पान ओलं करून वजनाखाली दाबलंस की तो उठाव सपाट होतो. तो राखायचा असेल तर कमी खळ, हलकं वजन.

तिसरा प्रकार दिवाळी अंकांतला गुळगुळीत, चकचकीत आर्ट पेपर. त्याच्यावर पांढऱ्या मातीचा थर असतो. ओला झाला की तो थर चिकट होतो, म्हणूनच पावसात भिजलेले अंक विटेसारखे एकसंध चिकटून बसतात. या कागदाला भिजवायचं नाही, घट्ट खळीचा पातळ हात द्यायचा. आणि वाचनालयाचा जांभळा शिक्का किंवा शाईच्या पेनची सही दिसली तर आधी कोपऱ्यावर ओला कापूस टेकवून बघ. छपाईची तेलकट शाई पाण्याने हलत नाही. शिक्का मात्र वाहतो आणि शेजारचा चेहरा जांभळा करतो.

पातळ कागदाची आणखी एक खोड आहे. वर्तमानपत्र किंवा जुनं क्रमिक पुस्तक ओलं झालं की पारदर्शक होतं आणि मागची छपाई पुढे येते. देवीच्या गालावर उलट्या अक्षरांत जाहिरात. त्यामुळे चिकटवण्याआधी तुकडा उजेडासमोर धर. मागे मोठे काळे ठोकळे असतील तर आधी त्याला मागून पातळ पांढरा कागद लावून घे, तो पूर्ण वाळू दे, मगच कापायला घे.

चिकटवायला मैद्याची खळ. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात मैदा गुठळी न राहता कालव, मग बाकी पाणी घाल आणि पातळ फडक्यातून गंजात, म्हणजे पातेल्यात, गाळ. अगदी मंद आचेवर ठेव आणि चमचा थांबवू नकोस. आधी दुधासारखं पांढरं असतं. पंधरा मिनिटांत त्याचा रंग पालटून ते किंचित काचेसारखं होतं आणि चमच्यावरून सलग पडदा सुटतो. हा रंग पालटेपर्यंत धीर धर, कच्ची खळ वाळली की पांढरी भुकटी होऊन सुटते. तुझ्या कडा सुटल्या असं म्हणतेस, त्यात याचा वाटा असू शकतो. गार झाल्यावर पुन्हा एकदा फडक्यातून पिळून घे. लागेल तेवढी वेगळ्या वाटीत काढून पाण्याने पातळ कर. थंडीत दोन-तीन दिवस टिकते, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वास येतो, तेव्हा थोडीच कर.

माझे वडील खळीत मोरचूद घालायचे. त्याने कसर आणि झुरळं लांब राहतात, म्हणून सगळेच बाइंडर घालायचे. कोर्टाच्या रजिस्टरांसाठी ते चालून गेलं. पण मोरचुदात तांबं असतं आणि ते कागदाला हळूहळू जाळतं. त्यांच्याच हातच्या काही बांधणींत कडेची पानं तपकिरी होऊन तुटताना मी पाहिली आहेत. तुरटीही नको, ती आम्ल आहे आणि जुना कागद मुळातच आम्लाने खचलेला असतो. धावड्याचा डिंक आपल्या जंगलात चांगला मिळतो, पण वाळल्यावर तो कडक होतो, तडकतो, पिवळा पडतो. सेलोटेप तर घरातच ठेवू नकोस, त्याचा चिकट थर काही वर्षांत कागदात उतरतो आणि तेलाच्या डागासारखा कायमचा बसतो. फेव्हिकॉलला माझा सरसकट विरोध नाही. नव्या प्रिंटवर, जाड पुठ्ठ्यावर तो उत्तम काम देतो, तीन भागाला एक भाग पाणी घालून वापर. फक्त मूळ जुना कागद त्याच्याखाली जाऊ देऊ नकोस.

आता फुगण्याचं. कागदातले धागे कारखान्यातच एका दिशेने पडलेले असतात. ओला झाला की कागद त्या धाग्यांच्या आडव्या दिशेने जास्त पसरतो आणि वाळताना तेवढाच आकसतो. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं जातं, ते यामुळेच. तू कोरडा तुकडा ओल्या खळीवर ठेवतेस. तो चिकटल्यावर पसरायला लागतो, जागा मिळत नाही, म्हणून फुगतो. उपाय असा की तुकड्याला मागून खळ लावून दोन-तीन मिनिटं तसाच पडू दे. त्याला काय पसरायचं ते पसरून घेऊ दे. तो आधी गोल वळेल, मग स्वतःहून सपाट होईल. सपाट झाला की उचल, मधोमध टेकव आणि बोटांनी मधून कडांकडे हवा काढत जा. वर पातळ कागद ठेवून हाडाच्या पट्टीने घास. ती नसेल तर स्टीलच्या चमच्याची पाठ चालते.

एवढं केलं तरी वाळताना वरचा कागद आकसून खालचा पुठ्ठा धनुष्यासारखा वाकवतो. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून कागद लावतात तो केवळ दिसायला नसतो. बाहेरचं कापड एका बाजूने ओढतं, आतला कागद दुसऱ्या बाजूने ओढतो, आणि पुठ्ठा सरळ राहतो. कोलाजचंही तसंच. चित्राच्या मागे साधारण तेवढ्याच जाडीचा कागद, तीच खळ लावून, धाग्यांची दिशा जुळवून लाव. मग दोन्ही बाजूंना मेणकागद, त्यावर टीपकागद किंवा कोरं वर्तमानपत्र, त्यावर फळी, आणि फळीवर कापडात गुंडाळलेल्या चार विटा. टीपकागद तासाभराने बदल, मग रात्री बदल, आणि पूर्ण एक दिवस विटा उचलू नकोस.

आपल्याकडच्या हवेचं भान ठेवावं लागतं, ते दुसरीकडच्या सल्ल्यांत मिळत नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, ब्रशवरची खळ कागदापर्यंत पोचेस्तोवर वाळते. त्या दिवसांत मी पहाटे पाच ते आठ काम करते आणि खळ जास्त पातळ ठेवते. कूलरसमोर तर अजिबात बसू नकोस. त्याच्या ओल्या वाऱ्याने पुढची बाजू दमट आणि मागची कोरडी राहते, आणि दाबून सरळ केलेलं चित्र संध्याकाळपर्यंत वाकतं. पावसाळ्यात उलट, आठ-आठ दिवस वाळत नाही आणि बुरशी धरते. कापणं, निवडणं, मांडणं ही कामं श्रावणात कर. चिकटवायचं काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वेचणी चालू असते त्या हवेत. तेव्हा कागद सगळ्यात चांगला वागतो.

पाया म्हणून साधा तपकिरी पुठ्ठा वापरू नकोस, त्यातलं आम्ल वर चढतं. कापसाच्या चिंध्यांचा हातकागद मिळाला तर सोनं. कापूस जवळपास निव्वळ तंतू असतो. लाकडाच्या लगद्यात असणारा, उजेडाने पिवळा पडणारा भाग त्यात नसतो. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याला मगनवाडीत त्याचं काम चाललं, त्यात हातकागदही होता. कापूस पिकवणाऱ्या मुलखात कापसाच्या कागदावर चित्र करावं, हे मला आजही मनापासून वाटतं.

कापायला सर्जिकल ब्लेड. तालुक्याच्या मेडिकल दुकानात किंवा जिल्ह्याच्या सर्जिकल दुकानात तीन नंबरचा दांडा आणि अकरा नंबरची पाती माग. साध्या कटरच्या मानाने टोक फार बारीक, डोळ्याच्या पापणीचा आकारही निघतो. खाली जाड काच घे, किंवा जुन्या फ्लेक्सचे चार-पाच थर. आधी आतल्या बारीक जागा काप, जसं हात आणि कमरेमधली फट, बांगडीचं पोकळ. बाहेरची कड शेवटी, म्हणजे धरायला कागद राहतो. कात्री वापरलीस तर कात्री स्थिर ठेव आणि कागद फिरव. कापलेल्या कडेला कागदाची पांढरी रेघ चमकते आणि तीच कात्रणवहीची आठवण करून देते. चिकटवण्याआधी त्या कडेवरून मागच्या बाजूने जुळत्या रंगाची पेन्सिल फिरव. केवळ एवढ्याने चित्र बदलतं. फाडायचं असेल तेव्हा एका तुकड्याला पांढरी किनार येते, दुसऱ्याला येत नाही. कोणता हात आपल्याकडे ओढतेस त्यावर ते ठरतं. रद्दीवर दहा वेळा फाडून बघ, बोटांना कळेल.

आता तुझा खरा प्रश्न, चित्र कात्रणवहीसारखं का दिसतं. तू पाठवलेल्या वर्णनावरून सांगते, तू आवडलेलं सगळं एकत्र आणलंस. गणपती, नटी, आगगाडी, फुलं, प्रत्येक तुकडा आपापल्या जागी पूर्ण आणि आपापल्या आकाराचा. पूर्ण तुकड्याला दुसऱ्याची गरज नसते. त्याला अपुरा कर. चेहरा हवाय की फक्त वळलेली मान? आगगाडी हवीय की फक्त धूर?

माझं एक चित्र सांगते, वावराचं. मला नांगरलेल्या जमिनीची तासं हवी होती. तपकिरी कागद शोधत बसले होते. मग लक्षात आलं की छापलेली ओळ म्हणजेच तास. फुटलेल्या क्रमिक पुस्तकांच्या आडव्या पट्ट्या फाडल्या. सगळ्यात पुढे पहिलीच्या पुस्तकातली मोठी अक्षरं, त्यामागे चौथीची, मग मासिकाची, आणि क्षितिजाशी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींची मुंगीएवढी छपाई. रंग एकच, पिवळट. पण अक्षर बारीक होत गेलं तसं वावर लांब गेलं. आकाश जुन्या पाकिटाच्या आतल्या निळ्या नक्षीचं. शेतीच्या मासिकातून एक बैल घेतला, त्याचे मागचे पाय पानाबाहेर गेलेले होते. मी ते दुसरीकडून आणून जोडले नाहीत, त्याला पट्ट्यांमध्ये गुडघाभर रोवला. ओल्या मातीत उतरलेला बैल झाला. लाल रंग संपूर्ण चित्रात एकदाच आला, कुंकवाच्या जाहिरातीतून कापलेला नखाएवढा तुकडा, बैलाच्या कपाळावर. दुसरा लाल मी तीनदा ठेवून तीनदा उचलला.

त्यातून काही गोष्टी तुला लगेच करता येतील. सगळ्या तुकड्यांवर उजेड एकाच बाजूने पडतो का बघ. एका चेहऱ्याची सावली डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे असेल तर ते एका खोलीत उभे राहत नाहीत. आकारात मोठा फरक ठेव, एक तुकडा तळहाताएवढा तर दुसरा तांदळाएवढा. निम्मा कागद रिकामा सोडायची हिंमत कर. आणि चिकटवण्याआधी सगळं कोरडंच मांडून एक रात्र काचेखाली ठेव. सकाळी जे पहिल्यांदा खुपतं ते काढून टाक. मोबाईलवर त्याचा काळापांढरा फोटो घेतलास तर गडद-फिकं कुठे बिघडलंय ते चटकन दिसतं.

मॅक्स अर्न्स्ट नावाच्या जर्मन चित्रकाराने १९३४ साली निव्वळ कोलाजची एक चित्रकादंबरी केली. जुन्या कथापुस्तकांतली लाकडी ठशांची चित्रं कापून त्याने माणसांना पक्ष्यांची डोकी जोडली, आणि जोड कुठे आहे ते सापडत नाही, कारण सगळे तुकडे एकाच जातीच्या रेघांचे आहेत. कुर्ट श्विटर्स या दुसऱ्या जर्मन चित्रकाराने उलट केलं, त्याने ट्रामची तिकिटं, वेष्टनं, रस्त्यावरचे कागद घेतले. आपल्याकडे एसटीची जुनी रंगीत, छिद्रं पाडलेली तिकिटं मिळाली तर जपून ठेव, पिवळी, गुलाबी, हिरवी, काय सुंदर कागद होता तो. आत्ताच्या मशीनमधून निघणारं तिकीट मात्र वापरू नकोस. तो कागद उष्णतेने छापला जातो, काही महिन्यांत कोरा होतो. आणि वयाचं वाटत असेल तर मेरी डिलनी ही इंग्रज बाई बहात्तराव्या वर्षी रंगीत कागद कापून फुलं करायला लागली, दहा वर्षांत जवळपास हजार केली, आणि ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बंगालचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५६-५७ च्या सुमारास गेली, त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रं केली. कड बोटांना कळते, हे मी त्यांच्यामुळे मानते.

पिवळेपणा घालवायच्या भानगडीत पडू नकोस. लिंबू, ब्लीच, काहीही नाही. तो रंग त्या कागदाचा आहे, चित्रात तोच वापर. पुढे आणखी पिवळा पडेल हे धरूनच शेजारचे रंग निवड. फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नकोस, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घाल. भिंत ओल येणारी नको, खिडकीसमोरची नको.

विकण्याचं. आपल्या कायद्यात लेखक-चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचाही छायाचित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवर २०३१ अखेरपर्यंत हक्क आहे. त्यामुळे १९६० साली छापलेलं छायाचित्र मोकळं झालं असं धरून चालू नकोस. विकत घेतलेल्या अंकाच्या कागदातून केलेलं एकच मूळ चित्र आणि त्याच्या शंभर प्रती छापून विकणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. प्रती काढायच्या असतील तर फक्त मोकळी झालेली चित्रं वापर किंवा लेखी परवानगी घे. हक्क असलेल्या चित्राची लेझर प्रत वापरलीस तरी ती प्रतच, हे विसरू नकोस. माणूस ओळखू येईल असा कोणा खाजगी व्यक्तीचा फोटो तर मी कधीच विकायच्या चित्रात घेत नाही, गावात त्यांची नातवंडं असतात.

पेटी संपली तर माल कुठून आणायचा? गावच्या सार्वजनिक वाचनालयात विचार. फाटलेली पुस्तकं निर्लेखन करून, म्हणजे नोंदीतून कमी करून, काढतात. ती घेताना ग्रंथपालांकडून शिक्क्यानिशी चिठ्ठी घे, म्हणजे उद्या कोणी चोरीची म्हणणार नाही. भंगारवाल्याला सांगून ठेव की छापील जुनं काही आलं तर गठ्ठा फोडू नको, आधी मला दाखव. त्याला रद्दीच्या भावापेक्षा थोडे जास्त दे. माझे निम्मे कागद असेच आले आहेत.

पहिलं चित्र पोस्टकार्डाएवढंच कर. तान्ह्या पोळ्याला घरातल्या लहानग्यांसाठी बैल कर हवं तर, चार तुकड्यांहून जास्त नको. वाळलं की उलटं कर आणि मागच्या कागदावर पेन्सिलने लिही: कोणता अंक, कोणता महिना, कोणतं पान, मूळ की प्रत, खळ कधी केली. आणि खाली पेटी ज्यांची होती त्या आजोबांचं पूर्ण नाव.